मांजराचं पिल्लू घरी आणताना: पहिल्या दिवसापासून नसबंदीपर्यंत

उन्हाळा सुरू झाला की पावसाळा सरेपर्यंत सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दुकानांच्या शटरमागे, गच्चीवरच्या टाकीखाली मांजराची पिल्लं दिसू लागतात. त्यातलं एखादं आपल्या घरी येतं. कधी आपण ठरवून आणतो, कधी मुलं उचलून आणतात. हा लेख अशा गावठी पिल्लासाठी लिहिला आहे, जे आता फ्लॅटमध्ये माणसांबरोबर राहणार आहे. पिल्लू पर्शियन असलं तरी यातलं बहुतेक सगळं त्यालाही लागू पडेल.

पहिल्या महिन्यात लोक ज्या तक्रारी करतात त्या ठरलेल्या असतात. पिल्लू पलंगाखालून बाहेरच येत नाही, पहाटे धुडगूस घालतं, हाताला चावतं, गादीवर शू करतं. या सगळ्यामागे बहुतेक वेळा एक तर भीती असते, नाहीतर शिकारीची उपजत ओढ. दोन्ही समजून घेतल्या तर पिल्लू पटकन रुळतं. घाई केली, रागावलं, सारखं उचललं, तर तेच पिल्लू पुढे वर्षभर बिचकत राहतं.

उचलण्याआधी

मांजर पिल्लांना सात घरं दाखवते असं आपल्याकडे म्हणतात. सात हा आकडा सोडा, पण जागा बदलण्याची गोष्ट खरी आहे. धोका वाटला, माणसांची वर्दळ वाढली किंवा पाणी शिरलं की भाटी एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडे नेते. अशा वेळी एखादं पिल्लू थोडा वेळ एकटंच दिसतं. आई भक्ष्य शोधायला गेलेली असते तेव्हाही पिल्लं काही तास एकटी असतात. म्हणून रस्त्याच्या मधोमध, पाण्यात किंवा कुत्र्यांच्या तावडीत नसेल तर लगेच उचलू नका. लांब उभं राहून काही तास वाट पाहा. पिल्लू स्वच्छ, गुबगुबीत आणि शांत झोपलेलं असेल तर आई बहुधा जवळपास आहे. मळलेलं, गार पडलेलं आणि सतत ओरडणारं असेल तर मात्र त्याला मदत हवी आहे.

मग वयाचा अंदाज घ्या. डोळे ७ ते १४ दिवसांत उघडतात. पुढचे बारीक दात तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास दिसू लागतात. डोळ्यांचा निळा रंग सहाव्या-सातव्या आठवड्यापासून बदलू लागतो. दोन महिन्यांचं पिल्लू धडपणे धावतं, उड्या मारतं आणि स्वतःहून खातं. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर त्याचं वजन साधारण ८०० ते ९०० ग्रॅम भरतं. अर्धपोटी वाढलेली गावठी पिल्लं थोडी कमीही भरतात.

आईपासून तोडण्यासाठी ८ आठवडे हे कमीत कमी वय. माझं मत विचाराल तर १० ते १२ आठवडे थांबता आलं तर फारच उत्तम. किती जोरात चावलं की समोरच्याला लागतं, हे पिल्लू भावंडांशी मस्ती करतानाच शिकतं. त्याच कारणासाठी मी नेहमी सांगते, जमत असेल तर एकाच वेतातली दोन पिल्लं आणा. खर्च वाढतो, पण त्यांची मस्ती एकमेकांवर निघते, तुमचे हात वाचतात आणि तुम्ही ऑफिसला गेल्यावर कोणी एकटं राहत नाही.

चार आठवड्यांपेक्षा लहान आणि आई नसलेलं पिल्लू हे वेगळंच काम आहे. त्याला दर २ ते ४ तासांनी, रात्रीसुद्धा, मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडर बाटलीने द्यावी लागते. पाजताना ते पोटावर असलं पाहिजे. बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्या, मग दूध. आणि प्रत्येक वेळी ओल्या कोमट कापसाने खालची जागा हलकेच पुसा, कारण एवढ्या लहान पिल्लाला आईने चाटल्याशिवाय शी-शू होत नाही. हे जमणार नसेल तर अशी पिल्लं सांभाळणाऱ्या एखाद्या प्राणीमित्राकडे त्याच दिवशी पोहोचवा.

घराची तयारी

सगळ्यात आधी खिडक्या आणि बाल्कनी. मांजर कितीही उंचावरून पडलं तरी पायांवर पडतं आणि त्याला काही होत नाही, हा समज जीवघेणा आहे. न्यूयॉर्कच्या ॲनिमल मेडिकल सेंटरच्या पशुवैद्यांनी १९८७ मध्ये इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. उपचारासाठी आणलेल्यांपैकी बहुतेक वाचली, पण छातीला मार, फुटलेला जबडा, दुभंगलेली टाळू अशा जखमांसह. आपल्याकडे कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी काहीच नसण्यापेक्षा बरी, पण पातळ जाळी मांजर कुरतडतं आणि उन्हाने ती कुजतेही. ग्रिलला आतून बारीक भोकांची धातूची जाळी बसवून घ्या. पिल्लाचं डोकं जिथून जातं तिथून ते सगळंच जातं, हे लक्षात ठेवा. स्लायडिंगच्या खिडकीचा कोपरा, एसीच्या पाइपसाठी पाडलेलं भोक, बाथरूमच्या काचपट्ट्यांमधली फट, हे सगळं एकदा जमिनीवर बसून पाहा.

दुसरी गोष्ट फिनाईल. याबद्दल आपल्या घरांत फारच कमी बोललं जातं. मांजराच्या यकृताला फिनॉलसारखी द्रव्यं नीट निकामी करता येत नाहीत. फरशी फिनाईलने पुसली की ते पिल्लाच्या पंजांना लागतं, आणि पिल्लू दिवसभर पंजे चाटत असतं. काळं फिनाईल सगळ्यात वाईट, पण पांढरंही टाळा. साबणाचं पाणी, मग साधं पाणी, आणि फरशी वाळेपर्यंत पिल्लू दुसऱ्या खोलीत. घरकामाला येणाऱ्या ताईंना हे पहिल्याच दिवशी समजावून सांगा. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या, कापूर, उंदरांचं औषध हे सगळं बंद डब्यात गेलं पाहिजे. पिल्लू ज्या बंद खोलीत आहे तिथे डासांची कॉइल किंवा लिक्विड लावू नका.

दोरा, सुई, रबरबँड, लोकर, मांजा, गणपतीच्या मखराची चमकी. मांजराच्या जिभेवरचे काटे आतल्या बाजूला वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा थुंकता येत नाही. तो गिळला जातो आणि आतडं गोळा करत जातो. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, थेट डॉक्टरकडे न्या.

पुष्पगुच्छात येणारी लिली घरात आणूच नका. पानं, फुलं, अंगावर पडलेले परागकण, फुलदाणीतलं पाणी, यातलं काहीही थोडंसं पोटात गेलं तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात. आणि वॉशिंग मशीन सुरू करण्याआधी दर वेळी आत हात घालून पाहा.

पहिला दिवस: एकच खोली

पिल्लू कॅरियरमधूनच आणा. रिक्षात मांडीवर किंवा ओढणीत गुंडाळून नको. मागून ट्रकचा हॉर्न वाजला की ते कुठे उडी मारेल याचा नेम नाही. पुठ्ठ्याचं खोकं पावसात भिजून फाटतं. झाकणाची प्लॅस्टिकची टोपली दोरीने नीट बांधून घेतली तरी चालेल. वर एक पातळ पंचा टाकला की आत अंधार राहतो आणि पिल्लू शांत बसतं.

घरी आल्यावर सगळं घर दाखवायला नेऊ नका. एक लहान खोली द्या. तिथे एका कोपऱ्यात खाणं, त्यापासून थोडं दूर पाणी, समोरच्या कोपऱ्यात लिटर बॉक्स (शी-शूसाठी वाळू किंवा तसं काही, म्हणजे लिटर, भरलेली पेटी), आणि दडायला एखादं आडवं ठेवलेलं खोकं. कॅरियर दार उघडून तिथेच राहू द्या, ते त्याचं ओळखीच्या वासाचं घर आहे. पुढे डॉक्टरकडे नेताना ते भांडण न करता आत बसेल, हा वेगळा फायदा. पलंगाखालच्या फटी मात्र आधी बुजवा.

मग खोलीत जमिनीवर बसा आणि काहीही करू नका. पुस्तक वाचा, हळू आवाजात बोला. पिल्लू येऊन वास घेईल, मागे जाईल, पुन्हा येईल. बोट त्याच्या नाकाच्या उंचीवर धरा. त्याने स्वतःहून गाल घासला की गालावर, हनुवटीखाली खाजवा. डोक्यावरून हात एकदम खाली आणू नका. काही पिल्लं तासाभरात मांडीवर येतात, काही आठवडा घेतात. जे रस्त्यावर माणसांशिवाय वाढलं त्याला जास्त वेळ लागतो, कारण माणसांची सवय होण्याचा सगळ्यात सोपा काळ साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्याचा असतो. तो उलटला म्हणून पिल्लू माणसाळत नाही असं नाही, फक्त तुमचा धीर जास्त लागतो.

शेजारपाजारच्या मुलांना पहिले काही दिवस बोलावू नका. घरातल्या मुलांना एकच नियम: पिल्लू आपल्याकडे येईल, आपण त्याच्या मागे जायचं नाही.

पहिल्या रात्री ते आईसाठी ओरडेल. दार लावून एकटं सोडण्यापेक्षा घरातल्या कोणीतरी त्या खोलीत झोपावं. अंगात घातलेला एक जुना टीशर्ट त्याच्या झोपण्याच्या जागी ठेवा.

खाणं

मांजर म्हणजे दूध, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलं आहे. पण गायी-म्हशीच्या दुधातली साखर अनेक मांजरांना पचत नाही, आणि जुलाब लागलेलं पिल्लू बघता बघता गळून जातं. दूध सुटलेल्या पिल्लाला प्यायला पाणीच हवं.

दूध-पोळी आणि दही-भातावर मांजर जगतं, पण धड वाढत नाही. त्याचं शरीर मांसावरच चालतं. टॉरिन नावाचं अमिनो आम्ल त्याला अन्नातूनच लागतं. त्याच्या अभावाने मांजरांचं हृदय कमकुवत होतं, हे १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पशुवैद्यांनी दाखवून दिलं, आणि तेव्हापासून तयार खाद्यात ते पुरेसं घातलं जातं. घरात मांसाहार शिजत नसेल तर पाकिटातलं कोरडं खाद्य हा मधला मार्ग आहे. तेही घरात नको असेल तर मांजर आणू नये, असं मी स्पष्ट सांगेन. त्याला शाकाहारी करणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

पाकिटावर पिल्लांसाठी असं लिहिलेलं खाद्यच घ्या आणि वर्षभर तेच द्या. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून ४ वेळा, सहा महिन्यांपर्यंत ३ वेळा. पहिले काही दिवस ते आधी जे खात होतं तेच चालू ठेवा आणि नवीन हळूहळू मिसळत जा. घरचं द्यायचं असेल तर बिनहाडाचं चिकन, मीठ-हळद-कांदा-लसूण काहीही न घालता उकडा आणि उकडलेलं पाणीही द्या, कारण टॉरिन पाण्यात उतरतं. पण नुसत्या चिकनमध्ये कॅल्शियम नसतं. महिनाभर फक्त तेच खाऊ घातलं तर पिल्लाची हाडं ठिसूळ होतात. म्हणून ते जोडीला, मुख्य जेवण म्हणून नको. शिजलेली हाडं आणि माशाचे काटे अजिबात नकोत. सुकट, सुके बोंबील मांजराला वेड लावतात, पण त्यातलं मीठ पिल्लाला फार होतं. कांदा-लसूण रक्तातल्या पेशी फोडतात, म्हणून आमटी-रस्सा कालवून देणं बंद.

ताटली पसरट घ्या. आणि लक्षात ठेवा: दोन महिन्यांच्या पिल्लाने अर्धा दिवस काही खाल्लं नाही तर उद्यापर्यंत थांबायचं नसतं.

लिटर बॉक्स

हे शिकवावं लागत नाही. माती उकरून झाकणं त्याच्या अंगातच असतं. उठल्यावर आणि खाल्ल्यावर त्याला पेटीत नेऊन ठेवा, एवढं पुरतं. पेटीची एक कड बुटकी हवी. तीन महिन्यांपर्यंत गोळे होणारं लिटर टाळा, कारण लहान पिल्लं ते खाऊन पाहतात. लाकडाच्या किंवा कागदाच्या गोळ्या, नाहीतर बारीक वाळू चालते. सुगंधी लिटर आपल्याला आवडतं, त्यांना नाही. दिवसातून दोनदा साफ करा.

पिल्लू बाहेर शू करत असेल तर क्रमाने तपासा. पेटी घाण आहे का? खाण्याला चिकटून आहे का? शेजारी वॉशिंग मशीन घरघरतं का? लिटर बदललंत का? सगळं ठीक असेल तर लघवीचा त्रास असू शकतो. पेटीत वारंवार बसून थेंबही होत नसेल, विशेषतः बोक्याला, तर ती त्याच तासाची इमर्जन्सी आहे. तिथे नाक घासून मारणं या सगळ्यावर काहीच उपाय नाही, त्यातून पिल्लू फक्त तुम्हाला घाबरायला शिकतं.

घरात कोणी गरोदर असेल तर मांजर हाकलायची गरज नाही. टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची अंडी शीतून बाहेर पडल्यावर संसर्गजन्य व्हायला किमान एक दिवस घेतात. पेटी रोज दुसऱ्या कोणीतरी साफ करावी, मांस नीट शिजवावं, भाज्या धुवाव्यात.

डॉक्टर

पहिल्या दोन-तीन दिवसांत एकदा दाखवून आणा. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल सगळ्यांना माहीत आहे. इतर ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, पण तिथे मांजरं नियमित पाहतात का ते आधी विचारा.

जंताचं औषध वजनावर ठरतं. दोन महिन्यांपर्यंत दर दोन आठवड्यांनी आणि मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, असं साधारण वेळापत्रक असतं. तीन रोगांची एकत्र लस ८ आठवड्यांच्या सुमारास सुरू होते आणि १६ आठवड्यांचं होईपर्यंत दर ३-४ आठवड्यांनी पुन्हा देतात. यातला पॅनल्युकोपेनिया सगळ्यात क्रूर. सुस्ती, उलट्या, जुलाब, आणि लस न घेतलेली पिल्लं बहुतेक वाचत नाहीत. त्याचा विषाणू घरात वर्षभर टिकू शकतो. घरात आधीचं मांजर त्याने गेलं असेल तर लस पूर्ण झाल्याशिवाय नवं पिल्लू आणू नका. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर.

लस न झालेल्या पिल्लाने चावलं किंवा रक्त येईल असं ओरखडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पिल्लू घरचं आहे म्हणून हे टाळू नका.

दोन औषधांचे सक्त निषेध. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आणि कुत्र्यांच्या गोचीड-पिसवांच्या औषधात परमेथ्रिन असेल तर तेही.

वागणं वाचायला शिका

शेपूट ताठ वर आणि टोक किंचित वाकलेलं, म्हणजे ते खुशीत तुमच्याकडे येतंय. शेपूट फुगलेली, पाठ कमानीसारखी, तिरकं तिरकं उड्या मारणं, हे भावंडांसोबत किंवा तुमच्यासोबत असेल तर खेळ आहे. कान मागे चपटे आणि फिस्कारणं सोबत असेल तर भीती. मांडीवर असताना शेपटीचं टोक फटफट आपटू लागलं की कुरवाळणं थांबवा. "अचानक चावलं" असं लोक म्हणतात तेव्हा ही सूचना बहुतेक वेळा आधी मिळालेली असते.

पोट दाखवून लोळणं हा विश्वास आहे, पण पोटाला हात लावायचं आमंत्रण नाही. पुढच्या पायांनी कणीक मळल्यासारखं करतं ती आईचं दूध पिण्याच्या काळातली सवय. लवकर आई तुटलेली पिल्लं त्यासोबत चादरही चोखतात. लोकर गिळत नसेल तर चोखू द्या. गुरगुर बहुतेक वेळा समाधानाची असते, पण दुखत असलेलं किंवा घाबरलेलं मांजरही गुरगुरतं, म्हणून खाणं बंद आणि गुरगुर चालू, असं दिसलं तर निश्चिंत होऊ नका. खिडकीतून कबुतर पाहून दात कटकट वाजवणं हा शिकारी उत्साह.

त्याच्याकडे रोखून पाहू नका, मांजरांच्या जगात ती धमकी असते. डोळे अर्धे मिटून, हळू उघडझाप करा. ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की अशी उघडझाप केल्यावर मांजरंही तशीच करतात, आणि अनोळखी माणसाकडेही अधिक येतात. बिचकणाऱ्या पिल्लासाठी याहून सोपा उपाय मला माहीत नाही.

पहाटेचा धुडगूस येतो कारण मांजराच्या शिकारीची वेळ तिन्हीसांज आणि पहाट हीच आहे. दिवसातले १६ ते २० तास झोपून ते त्या वेळांसाठी ताकद राखतं. झोपण्याआधी काठीला बांधलेल्या पिसाच्या खेळण्याने १०-१५ मिनिटं दमवा, शेवटी एकदा खेळणं नीट पकडू द्या, मग जेवण. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप, हा त्यांचा ठरलेला क्रम आहे. पहाटे पाचला उठून खाणं दिलंत की मात्र रोज पाचला बोलावणं येईल. खेळ संपला की काठी-दोरी कपाटात.

हात हे खेळणं नाही. पिल्लू छोटं असताना बोटं हलवून चावायला लावणं गोड वाटतं, पण सहा महिन्यांत पक्के दात येतात. चावलं तर हात ओढू नका, ओढलेला हात पळणारं भक्ष्य वाटतो. स्थिर राहा, खेळ थांबवा, मग खेळणं पुढे करा. पाण्याचे फवारे मारू नका.

नखं घासणं ही गरज आहे, ती बंद करता येत नाही, जागा देता येते. सोफ्याच्या त्याच कोपऱ्यापाशी सुताची दोरी घट्ट गुंडाळलेला उंच, न हलणारा खांब ठेवा. काथ्याचं पायपुसणंही छान चालतं. आठवड्यातून कधीतरी पिल्लू झोपेत असताना नखांचं फक्त पारदर्शक टोक कापा, आतल्या गुलाबी भागात रक्तवाहिनी असते. पंजे, कान, तोंड रोज थोडं थोडं हाताळत गेलात तर हे सगळं सोपं होतं.

घरात आधीच मांजर किंवा कुत्रा असेल तर

दोन आठवडे वेगळी खोली, आजारासाठीही आणि ओळखीसाठीही. एकाच्या अंगाला पुसलेलं फडकं दुसऱ्याच्या ताटलीपाशी ठेवा. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी जेवण. मग फटीतून दर्शन, मग थोडा वेळ समोरासमोर. फिस्कारणं चालतं, झोंबणं नाही. झोंबली तर एक पायरी मागे या. कुत्रा पट्ट्यावरच हवा, आणि पिल्लाला पळून वर चढायला जागा हवी.

नसबंदी

मांजरी चौथ्या-पाचव्या महिन्यातच माजावर येऊ शकते. ती रात्रभर ओरडते, जमिनीवर लोळते, मागचा भाग उचलते. पोटात दुखतंय समजून लोक घाबरतात. गाभण राहिली तर साधारण नऊ आठवड्यांत पिल्लं होतात, आणि ती अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. म्हणून लसी पूर्ण झाल्या की डॉक्टरांशी बोलून चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान शस्त्रक्रिया करून घ्या. एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत या म्हणण्याला काही आधार नाही. पहिल्या माजाआधी नसबंदी झालेल्या मांजरींना स्तनांचा कर्करोग फारच कमी होतो.

शस्त्रक्रियेआधी किती तास उपाशी ठेवायचं हे डॉक्टर सांगतील तेवढंच, लहान पिल्लाला रात्रभर उपाशी ठेवू नका. नंतर सुमारे दहा दिवस टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात कॉलर, आणि उंच उड्या बंद. बोके दोन-तीन दिवसांत पूर्ववत होतात. नसबंदीनंतर भूक वाढते आणि गरज कमी होते, तेव्हा खाणं मोजून द्या. घरात बोका आणि नसबंदी न झालेली मांजरी दोन्ही असतील तर बोक्याच्या शस्त्रक्रियेनंतरही महिना-दीड महिना त्यांना वेगळं ठेवा, कारण तेवढे दिवस तिला पिल्लं होण्याची शक्यता उरते.